रंगाच्या डब्याची वकिली

'आन्हेलितोस नेग्रोस' या 1948 सालच्या मेक्सिकन चित्रपटाचे कैवारी त्याच्या बचावार्थ जी कैफियत मांडतात, तिची कलमे दोन: वर्णद्वेषाचा उघड धिक्कार करणाऱ्या त्या देशात काळ्या नटांचा तुटवडा होता, आणि चेहरा रंगवून काळ्याची भूमिका करणे ही त्या काळची सर्वमान्य रूढी होती.

तुटवड्याचे कलम दप्तरातच खोटे ठरते. गुलामगिरी रद्द करण्याचा 1829 चा हुकूम ज्यांच्या कारकिर्दीतला, ते राष्ट्राध्यक्ष विसेन्ते गेर्रेरो स्वतः आफ्रिकी वंशाचे वारस होते. वेराक्रूझ प्रांतात आणि कोस्ता चिकाच्या किनाऱ्यावर कृष्णवर्णीयांची वस्ती पिढ्यानपिढ्या नांदत होती. आणि गोन्सालो आगिरे बेल्त्रान यांनी 1946 मध्येच मेक्सिकोच्या कृष्णवर्णीय प्रजेवर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला होता. परंतु विचारवंत होसे वास्कोन्सेलोस यांनी 1925 साली प्रतिपादिलेल्या, सर्व वंशांच्या मिश्रणातून घडणाऱ्या 'वैश्विक वंशा'त काळ्याला विरघळून जाण्यापुरतीच जागा होती, आणि विरघळलेल्या माणसाला पडद्यावर बोलावणार कोण?

रूढीचे कलम मात्र अधिक बारकाईने तपासले पाहिजे. सुवर्णकेशी, सुशिक्षित आना लुईसा हिला काळ्यांचा तिटकारा. गायक होसे कार्लोसपासून तिला काळी मुलगी होते, तेव्हा ती दोष देते नवऱ्याच्या रक्ताला, आणि जिने तिला लहानाची मोठी केले ती काळी दाई मेर्से हीच तिची जन्मदात्री, हे तिच्या गावीही नसते. रक्त कातडीवरून वाचता येत नाही, हेच ज्या कथेचे मर्म, तिच्या चित्रणासाठी दिग्दर्शक होसेलितो रोद्रिगेस यांनी मुळातच संमिश्र वंशाची क्यूबन गायिका रीता मोंतानेर हिला मेर्सेच्या भूमिकेसाठी रंगवून अधिक काळी केले, आणि नातीच्या भूमिकेसाठी आपली स्वतःची कन्या तितिना हिच्याही चेहऱ्यावर तोच लेप चढवला. कारण काळेपण म्हटले की ते थिएटरच्या शेवटच्या रांगेतूनही ओळखू आले पाहिजे! संहिता जे नाकारते तेच रंगाचा डबा शाबीत करीत बसतो. आईने जवळ घ्यावे म्हणून ती पोर तोंडाला पांढरी पावडर फासते, त्या प्रसंगी तर गोऱ्या कातडीवर काळा थर आणि काळ्या थरावर पांढरी भुकटी, असा विलक्षण देखावा समोर येतो, आणि तरीही, हे कबूल केले पाहिजे, गळा दाटून येतो.

म्हणूनच हा चित्रपट अडगळीत टाका म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. द्वेषाला त्याने एखाद्या दारुड्या खलपुरुषाच्या माथी न मारता सुसंस्कृत घरच्या दिवाणखान्यात, आईच्याच हातची सेवा घेणाऱ्या लेकीच्या ठायी दाखवले, आणि होसे कार्लोसच्या भूमिकेतल्या, देशाच्या गळ्यातला ताईत असलेल्या पेद्रो इन्फान्तेला काळ्या लेकीसाठी अंगाई गायला लावले. सभ्य संभाषणाने जे झाकून ठेवलेले असते ते उघडे पाडायला अतिनाट्याचा आक्रोशच लागतो, यात मला कमीपणा दिसत नाही. आक्षेप आहे तो शेवटाला: पश्चात्ताप लेकीचा, आणि त्याचे मोल मात्र मेर्सेच्या प्राणांनी चुकते होते.

याच दिग्दर्शकाने 1970 साली ही कथा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हा दाईच्या भूमिकेसाठी त्यांना खरोखरीची कृष्णवर्णीय अभिनेत्री मिळाली. ती होती हॉलिवूडची हॉनिटा मूर, 1959 च्या 'इमिटेशन ऑफ लाइफ'मध्ये गोरी म्हणून वावरणाऱ्या मुलीची काळी आई झालेली. कोस्ता चिकाची वाट तेव्हाही निर्मात्यांना सापडली नव्हती.