सुरकुत्यांची इंजेक्शने आणि गोळ्यांवरील सरसकट बंदी

संपादक महाशय,



लग्नसराईच्या तोंडावर बोटॉक्स अथवा फिलरची इंजेक्शने घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आपल्या आरोग्यविषयक सदरात जी सूचनावली प्रसिद्ध झाली, तीत इंजेक्शनापूर्वी पंधरा दिवस सर्व वेदनाशामके व रक्त पातळ करणारी औषधे बंद ठेवावीत, असे एक कलम आहे. चेहऱ्यावर काळेनिळे डाग उमटू नयेत हा त्यामागील हेतू रास्त असला, तरी भिन्न प्रकृतीच्या आणि भिन्न कारणांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांना एकाच पंगतीला बसवून सर्वांवर एकच फर्मान काढण्याच्या या पद्धतीस, औषधांच्या दुकानात उभी हयात घालवलेल्या माणसाच्या नात्याने, माझी सक्त हरकत आहे.

डाग पडतो तो सुईने त्वचेखालील बारीक रक्तवाहिनी दुखावल्यामुळे. तिच्यातून रक्त पाझरू लागले की प्लेटलेट नावाच्या रक्तकणिका तेथे गोळा होऊन छिद्र बुजवतात. या कामासाठी एकमेकींना हाक घालणारे जे द्रव्य त्या निर्माण करतात, ते घडवणारे विकर (एन्झाइम) कायमचे निकामी करून ॲस्पिरिन त्याची निर्मितीच बंद पाडते. ॲस्पिरिनच्या क्रियेचे मर्म जॉन वेन यांनी १९७१ साली उलगडले आणि १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना ज्या संशोधनासाठी विभागून मिळाले, त्यात या शोधाचाही अंतर्भाव होता. प्लेटलेटला केंद्रक नसल्यामुळे निकामी झालेले विकर ती पुन्हा घडवू शकत नाही. सबब एका गोळीचा परिणाम त्या कणिकेच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, टिकतो, आणि आठवडाभर आधीपासून ॲस्पिरिन टाळावी या सल्ल्याचे मूळ येथे आहे. आयबुप्रोफेनचेही कार्य त्याच जातीचे. परंतु ते विकराला कायमचे जायबंदी करीत नाही, व निरोगी माणसात त्याचा हा परिणाम बहुधा एका दिवसात ओसरतो. नेप्रोक्सेनला त्याहून काहीसा अधिक अवधी लागतो. उरले पॅरासिटामॉल. नेहमीच्या मात्रेत ते प्लेटलेटच्या वाटेस जवळजवळ जात नाही, आणि डोके दुखत असताना ते घेण्यास, यकृताचा विकार वा मद्यपानासारखी आडकाठी नसेल तर, काहीच प्रत्यवाय नसतो. मग ‘सर्व वेदनाशामके’ या शब्दांनी वाचकाला कोणता बोध व्हावा?

बरे, ज्याला वेदनाशामक म्हणतात ते आपण घेतो आहोत, हे तरी वाचकाला कोठे ठाऊक असते? गिऱ्हाईक दुकानात येऊन ॲस्पिरिन मागत नाही, डिस्प्रिन मागते. आयबुप्रोफेन मागत नाही, कॉम्बिफ्लाम मागते, आणि त्या एकाच गोळीत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल दोन्ही असतात, ही गोष्ट पाकिटावर छापलेली असूनही शंभरांत पाच जण वाचत असतील असे मला वाटत नाही. क्रोसिन मागणाऱ्यास आपण पॅरासिटामॉल घेतो हे माहीत असते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

या सरसकटपणाचे फलित मी आमच्याच दुकानात पाहिले आहे. पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ पत्नीची महिन्याची औषधे घेण्यास आले होते. चिठ्ठीवरील इकोस्प्रिन, म्हणजे ॲस्पिरिनच, व रक्त पातळ करणारे क्लोपिडोग्रेल या दोन नावांवर त्यांनी निळ्या शाईने काट मारली होती. कारण विचारता ते म्हणाले, “काका, मुलीच्या लग्नाआधी हिला चेहऱ्याची इंजेक्शनं घ्यायची आहेत. क्लिनिकच्या कागदावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद म्हणून लिहिलंय.” बाईंच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत त्याच वर्षी स्टेंट बसवलेला होता. आणि दुर्दैवाचा कळस असा, की त्याच खेपेस त्यांनी कॉम्बिफ्लामची एक पट्टी मागितली. का, तर बाईंचे गुडघे दुखतात, आणि ‘ती आपली साधी अंगदुखीची गोळी’. जी प्राण राखण्यासाठी दिलेली, तिच्यावर काट. आणि डाग पाडण्यास हातभार लावणारी, शिवाय हृदयासाठी घेतलेल्या ॲस्पिरिनच्या कार्यात अडथळा आणू शकणारी, ती पिशवीत! मी पट्टी परत फडताळात ठेवली व ज्या डॉक्टरांनी स्टेंट बसवला त्यांना आधी विचारा, एवढे सांगून दोन्ही गोळ्या बांधून दिल्या.

स्टेंट नवा असताना या गोळ्या परस्पर थांबवल्यास त्यात रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, आणि त्यातून सुटका होतेच असे नाही. उलट बाजूस काय आहे? ओठांवर किंवा डोळ्यांखाली, जेथे त्वचा पातळ व वाहिन्यांचे जाळे दाट, तेथे एखादा जांभळा डाग, जो हिरवट, मग पिवळसर होत साधारण दोन आठवड्यांत जातो. या दोहोंची तुलना करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. शस्त्रक्रिया अटळ असेल तर हृदयरोगतज्ज्ञ जोखमीचे तारतम्य पाहून निर्णय देतात; सुरकुती अटळ नाही. तेव्हा इंजेक्शन पुढे ढकलावे, नाहीतर डाग पत्करावा. हौसेचे इंजेक्शन कार्यापूर्वी महिनाभर आधीच उरकले तर डागाची चिंताही उरत नाही. बोथट टोकाची कॅन्युला, हलका दाब, बर्फाचा शेक हे उपाय हाताशी असतातच. सुईच्या भयाने आधीच वेदनाशामक घेऊन जाणाऱ्यांनी तर ते मुळीच घेऊ नये, कारण क्षणभराच्या टोचणीवर त्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी त्वचा बधिर करणारे मलम आहे.

आपल्या सूचनावलीत इंजेक्शनानंतरचा काळसरपणा ‘स्वाभाविक’ म्हणून निकालात काढला आहे, तेथेही खुलासा हवा. फिलर चुकून रक्तवाहिनीत शिरल्यास किंवा तिच्यावर त्याचा दाब पडल्यास त्वचा प्रथम पांढरी पडते, मग तिच्यावर जाळीदार निळसर नक्षी उमटते, आणि बहुधा वेदना वाढत जातात. हा साधा डाग नव्हे. येथे दिवस नव्हे, तास मोलाचे असतात, आणि फिलर हायल्युरॉनिक आम्लाचा असेल तर तो विरघळवणारे हायल्युरोनिडेज तातडीने द्यावे लागते. अशा वेळी घरी गोळी घेऊन दुखणे दाबणे म्हणजे धोक्याची सूचनाच दाबणे होय.

तरी पुढील अंकात आपण दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे. तीत औषधे बाजारातील नावांनिशी द्यावीत, पॅरासिटामॉलला बंदीतून वगळावे, आणि हृदयविकार, पक्षाघात वा स्टेंट यांसाठी चालू असलेली कोणतीही गोळी ती सुरू करणाऱ्या डॉक्टरांच्या हुकुमावाचून एक दिवसही थांबवू नये, हे वाक्य ठळक टंकात, सर्वांत वर घालावे. सौंदर्योपचार करणाऱ्या मंडळींनीही आपल्या छापील कागदांत हाच फेरफार करावा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, पुणे