जुन्या ग्राहकालाच जास्त बिल का?

मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली



कोथरूडला आमच्या घरी सहा वर्षांपासून एकाच कंपनीचं इंटरनेट आहे. वेग १०० एमबीपीएस, महिन्याला ७९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३. गेल्या महिन्यात समोरच्या फ्लॅटमध्ये नवे भाडेकरू आले. त्याच कंपनीचं, त्याच वेगाचं कनेक्शन त्यांना ४९९ ला मिळालं, राउटर फुकट. दोन्ही घरांच्या वायरी जिन्यातल्या एकाच डब्यातून येतात. करासकट फरक वर्षाला ४,२४८ रुपयांचा.

कस्टमर केअरला फोन केला. ‘ती ऑफर नव्या ग्राहकांसाठी आहे, मॅडम.’ नंतर लाइन तपासायला आलेला मुलगा हळूच म्हणाला, ‘काकू, हे कनेक्शन बंद करा आणि काकांच्या नावावर नवीन घ्या.’ त्याचा राग आला नाही, तो माझ्या भल्याचंच सांगत होता. पण एकही बिल न थकवलेल्या बाईला रास्त भावासाठी नवऱ्याच्या नावाआड जावं लागतं, याची चीड आली. मी शुक्रवार पेठेत वाढले. तिथला वाणी नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या पुडीत चार दाणे जास्तच टाकायचा.

कंपनी बदला, असं कुणीही म्हणेल. आमच्या सोसायटीत दोनच कंपन्यांच्या वायरी आहेत. मुलगा घरून काम करतो. नवी जोडणी होईपर्यंत नेट नसलं तर त्याचं काम अडतं. कनेक्शनसोबतचा लँडलाइन नंबर जातो तो वेगळाच. मोबाइलला जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ती सोय आपल्याच नियमांनी दिली, आणि तिचा धाक कंपन्यांना राहिला. घरच्या वायरीला तसा धाक नाही.

सगळ्यात जास्त भरतात ते कधीच फोन न करणारे. खालच्या मजल्यावरच्या आजी एकट्या राहतात, मुलं परदेशी. परदेशातल्या नातवंडांचं तोंड त्यांना या नेटवरच दिसतं. बिल खात्यातून आपोआप कापलं जातं. नवा भाव काय, हे त्यांना कोण सांगणार?

ब्रिटनमध्ये २०१८ साली सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने जुन्या ग्राहकांवरच्या या भुर्दंडाची तक्रार तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाकडे नेली. त्यात ब्रॉडबँडही होतं. फेब्रुवारी २०२० पासून तिथे करार संपण्याच्या १० ते ४० दिवस आधी कंपनीला ग्राहकाला तसं कळवावं लागतं, आणि नव्या ग्राहकाला काय भाव आहे तेही सांगावं लागतं.

आपल्या १९९९ च्या दर आदेशात एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव नको, असं तत्त्व आहे. एकाच जिन्यातली, एकाच वेगाची दोन घरं हे दोन वर्ग कसे, याचं उत्तर आपण कंपन्यांकडून मागा. मुदत संपण्याआधी ‘पैसे भरा’ असा मेसेज आम्हाला न चुकता येतो. त्याच मेसेजात, याच भागात याच वेगाला नव्या ग्राहकाकडून किती घेतात तो आकडा छापणं सक्तीचं करा, आणि त्या भावाने पुढची मुदत घेण्याचा हक्क जुन्या ग्राहकालाही द्या.

आपली,
एक जुनी ग्राहक, पुणे