कारंज्यातील कारंजे

माझ्या भाच्याने गेल्या वर्षी शाळेसाठी ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहिला. गाव आमचे कारंजा लाड, जिल्हा वाशीम. निबंधाचे दुसरेच वाक्य असे होते की, गावाच्या मध्यभागी एक भव्य संगमरवरी कारंजे असून त्यावरूनच गावाला हे नाव पडले. चिरंजीव जन्मापासून चौदा वर्षे याच गावात वाढले आहेत. गुरुमंदिराची गर्दी, कापसाच्या गाड्या, बाजारातला हर्रास हे सारे त्याने सायकलवरून शेकडो वेळा पालथे घातले आहे. हे कारंजे मात्र त्याने एकदाही पाहिलेले नाही. कसे पाहणार? ते नाहीच.

निबंध त्याने लिहिलेला नव्हता. विचारताक्षणी उत्तर देणारे जे नवे यंत्र आता मुलांच्या मोबाईलवर येऊन बसले आहे, त्याच्याकडून तो घेतला होता. यंत्राने गावाचे नाव वाचले, त्याचा अर्थ लावला आणि कारंजे बांधून मोकळे झाले. बाकीचा मजकूर बरोबर होता. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान, पूर्वी हे गाव अकोला जिल्ह्यात होते, 1998 साली वाशीम जिल्हा वेगळा झाला, हे सारे अगदी ठाकठीक. गावाचे नाव करंज ऋषींवरून आले अशी आख्यायिका आमच्या घरातली कोणतीही म्हातारी सांगेल. पण तिला विचारायला उठून स्वयंपाकघरात जावे लागते! शिक्षकांनी खाली ‘छान’ असा शेरा दिला होता. तेही गावातलेच.

यंत्र चुकले याचे मला फारसे दुःख नाही. मी स्वतः संगणकाच्या धंद्यातला माणूस आहे. यंत्रे चुकतात म्हणूनच माझी चूल पेटते. मला धास्ती वाटली ती निराळ्याच गोष्टीची. मी भाच्याला विचारले, “हे कारंजे कुठे रे?” तर तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, “असंन ना मामा कुठं तरी. मीच पाह्यलं नसंन.” वाचकहो, चौदा वर्षांचा मुलगा आपल्या डोळ्यांपेक्षा मोबाईलवर अधिक विश्वास ठेवतो, आणि आपण त्याला ‘तंत्रज्ञानात हुशार’ म्हणतो!

दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे एक पाहुणे आले होते. हातात चकली आणि मुखात प्रगती. त्यांचे म्हणणे असे की, आता शिकण्याचे दिवस संपले. पाठांतर नको, गणित नको, व्याकरण तर नकोच नको. प्रश्न नीट विचारता आला की झाले. हे मत आज घरोघरी ऐकू येते आणि ते शिकल्यासवरल्या माणसांचे असते, म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे. प्रश्न विचारायला ज्ञान थोडेच लागते. आलेले उत्तर खरे की खोटे हे ओळखायला मात्र भरपूर लागते. सारी मेख इथे आहे. ज्याला आधीच येते त्याच्या हाती हे यंत्र म्हणजे उत्तम गडी. ज्याला काहीच येत नाही त्याच्या घरात मात्र तो गडी मालक होऊन बसतो आणि अंगणात संगमरवरी कारंजी बांधतो.

मी हे तटस्थपणे सांगत नाही. अनुभवाने सांगतो, आणि तो अनुभव माझ्या फजितीचा आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यातल्या एका कंपनीत मी मराठी अक्षरे पडद्यावर नीट उमटवण्याचे काम करीत होतो. मंगल कार्यालयांच्या हिशेबाचे ते काम होते. त्यात ‘आचाऱ्यांना मजुरी दिली’ असे छापून यायचे, त्याऐवजी आले, ‘आचार्यांना मजुरी दिली’! एका रफाराने स्वयंपाकी गुरुपदाला पोहोचले. साहेब म्हणाले, “किती लोकांच्या लक्षात येणार आहे?” मराठी माणूसच हे बोलला, हे मुद्दाम सांगतो.

मी तीन रात्री जागलो. काय केले? परक्यांनी लिहून ठेवलेले तोडगे उचलले, चिकटवले, फसले की दुसरे चिकटवले. एकाचाही अर्थ मला कळत नव्हता. चौथ्या दिवशी आमच्याकडचे एक वयस्क मुद्रितशोधक, जे तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवीत असत, माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी कागदावर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ असे दोन शब्द लिहिले आणि म्हणाले, “हा समुद्र आणि ह्या डोंगरातल्या. पहिल्यात र डोक्यावर चढतो, दुसऱ्यात शेजारी उभा राहतो. आमच्याकडे ह्याचा खिळाच वेगळा असे. तुमच्याकडे त्याला वेगळे घर आहे का, ते आधी पाहा.”

घर होते. जगातल्या लिप्यांना एकत्र क्रमांक देणारी युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली निघाली. तीत दक्षिणेकडच्या भाषांमधला एक र देवनागरीत लिहिता यावा म्हणून नुक्त्याचा ‘ऱ’ ठेवलेला होता, आणि त्याचाच पाय मोडून य जोडला की आपला शेजारी उभा राहणारा अर्धा र उमटतो. म्हणजे आमचे आचारी परक्यांच्या ओसरीवर का होईना, पण बसलेले होते. ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतःचा क्रमांक मिळायला 2008 साल उजाडावे लागले. तीन रात्री मला जे साधले नाही ते पुढे वीस मिनिटांत झाले, कारण आता मला कळले होते. त्या तीन रात्रींबद्दल मात्र कंपनीत माझे कौतुक झाले. उशिरापर्यंत दिवा जळत ठेवणारा तो कामसू, अशी आमच्या धंद्यातली समजूत आहे. मी ते कौतुक मुकाट्याने घेतले, हेही कबूल करतो.

त्याच सुमारास गावी आलो असता आईने विचारले, “तू करून काय राह्यला रे तिकडे दिवसभर? मले समजंन असं सांग.” मी बोलू लागलो आणि तिसऱ्या वाक्याला अडखळलो. प्रत्येक नाम इंग्रजी, क्रियापदे तेवढी ‘करणे’ आणि ‘मारणे’. मला वाटले, मराठीत शब्द नाहीत. खरी गोष्ट अशी की, मला त्या गोष्टीच कळलेल्या नव्हत्या. मी फक्त त्यांची नावे पाठ केली होती. शेवटी म्हटले, “आई, एकच पोथी दहा जण एकाच वेळी लिहीत आहेत असं समज. कोणी काय खोडलं, कोणी काय घातलं, कोणतं खरं, याचा पडताळा मी ठेवतो.” ती म्हणाली, “मंग चुका पाह्यतं असं सांग ना सरळ!”

शुद्धिवाद्यांनी यावर टाळ्या पिटू नयेत. शासनाने 1962 साली पदनाम कोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले होते, आणि त्यात तथ्य होते. चावी, पगार, बटाटा हे पोर्तुगीज शब्द आज कोणाला परके वाटतात? मोबाईल खुशाल मोबाईल राहो. पण वस्तूचे नाव उसने घेणे वेगळे आणि विचारच उसना घेणे वेगळे. एखादी गोष्ट आईला सांगता येत नसेल तर ती आपल्याला येत नाही, असे धरून चालावे. या कसोटीवर माझे अर्धे सहकारी नापास होतील. मी तर झालोच होतो.

आणि पोथीची उपमा मला आकाशातून सुचली नाही. आमच्या गावातल्या जुन्या जैन मंदिरांत हस्तलिखितांची भांडारे आहेत. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची अपभ्रंश काव्ये जगापुढे आली, त्यात या भांडारांचा वाटा मोठा. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी या ग्रंथांसाठी जी माला चालवली तिला कारंज्याचेच नाव होते. 1931 साली परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’, 1933 साली ‘णायकुमारचरिउ’, पुढच्या वर्षी ‘करकंडचरिउ’. या संपादकांनी काय केले? निरनिराळ्या नकला समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि प्रत्येक पाठभेद तळटीपेत नोंदला. ‘पाठभेद’! माझ्या कचेरीत याच कामासाठी रोज जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याहून हा शब्द किती नेमका आहे. ज्या नकलनविसांनी त्या पोथ्या उतरल्या त्यांच्याकडे बोरू आणि शाई, एवढेच यंत्र होते. पोथीच्या शेवटी मान अवघडल्याची तक्रार आणि तेल-पाण्यापासून ग्रंथ जपण्याची विनवणी लिहिण्याची त्यांच्यात रीत होती. मी माझी माहिती तीन ठिकाणी साठवतो, आणि तरीही दहा वर्षांपूर्वीचे फोटो मला आज सापडत नाहीत.

याच्या उलट टोकाला बसलेले आमचे मोठे मामा म्हणतात की मोबाईलने पिढी बिघडवली. हे ते रोज सकाळी साडेसहाला मोबाईलवरूनच चाळीस जणांना कळवतात. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. यंत्राचा दोष नसतो, ते सांभाळणारा नसतो हा दोष. मूर्तिजापूर-यवतमाळ ही आमची छोटी गाडी, शकुंतला, जिच्या वाटेवर कारंजा येते, तिचे इंजिन 1921 साली मँचेस्टरला घडले आणि 1923 पासून 1994 पर्यंत धावले. एकाहत्तर वर्षे! गाडी इतकी संथ की उतरून चार पावले टाकावीत आणि पुन्हा चढावे, अशी थट्टा होई. तिच्या वेगाची आरती मी ओवाळणार नाही. पण ते इंजिन कोठे कुरकुरते हे नुसत्या कानांनी ओळखणारी माणसे होती. आपल्या घरात दोन वर्षांत फोन बदलतो आणि जुना का बिघडला हे कोणी विचारीत नाही.

भाच्याला मी रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सायकलवर पिटाळले आणि सांगितले, कारंजे शोधून आण. दुपारी तो परतला तेव्हा कारंजे सापडले नव्हते. पण ऋषी तलावाजवळ एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला करंज ऋषींची गोष्ट अर्धा तास ऐकवली होती आणि रेल्वेच्या ठेसनावर त्याला रुळांत वाढलेले गवत दिसले होते. निबंध त्याने नव्याने लिहिला. पाऊण पान, शुद्धलेखनाच्या सहा चुका आणि कारंजे गायब.

शिक्षकांनी ‘त्रोटक’ असा शेरा मारून पूर्वीपेक्षा दोन गुण कमी दिले.