कंदिलाच्या कामट्या आणि नाताळचा तारा

मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडला जातो, भाताची झोडणी आटोपलेली असते, खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. मावळातल्या घरांना या दिवसांत थोडी उसंत मिळते. याच महिन्याच्या पौर्णिमेस दत्तजयंती. नवलाख उंबरे या गावाच्या नावातच औदुंबर आहे. तेथील मंडळींना दत्तमहाराजांच्या वृक्षाचे माहात्म्य आम्ही सांगावे असे नाही. नाताळही याच सुमारास येतो. २०२३ साली तर नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, २६ डिसेंबरला, दत्तजयंती होती.

तळेगावची औद्योगिक वसाहत या गावाच्या शिवारापर्यंत पोहोचली, तशी परगावची, परप्रांतांची कुटुंबे कामानिमित्त आसपास राहू लागली. त्यांत एखादे घर ख्रिस्ती असते. त्या घरचे मूल दारात लावावयाचा तारा बाजारातून आणते, तो प्लॅस्टिकचा. आणि शेजारी आपल्या माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा धूळ खात पडलेला असतो! परधर्मीयांच्या सणाची सजावट या पानावर कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. आमचे मत असे की, पूजा ज्याची त्याने करावी. कामट्या बांधावयास शेजाऱ्याचा हात लागला, तर कोणाचाच धर्म बुडत नाही.

कार्तिकात उंच काठीवर आकाशदीप लावण्याचे व्रत आपल्याकडे जुने आहे. घरोघरचा आकाशकंदील त्याच कुळातला. नाताळच्या ताऱ्यामागे बेथलेहेमची वाट दाखविणाऱ्या ताऱ्याची कथा आहे. त्याचे एक प्रसिद्ध कागदी रूप मात्र, कौतुकाची गोष्ट अशी की, शाळेत जन्मले. जर्मनीतील नीस्की येथे मोरेव्हियन पंथाच्या शाळेत १८३० नंतरच्या दशकात मुलांना भूमिती शिकविताना ते तयार झाले.

आपल्या घरी करावयाचा तारा त्याहून सोपा आहे. हातभर लांबीच्या दहा सारख्या कामट्या घ्याव्यात. पाच कामट्या एकमेकींत ओवून टोके दोऱ्याने बांधली की एक चांदणी होते. अशा दोन चांदण्या एकीवर एक ठेवून टोकाशी टोक बांधावे. आतल्या बाजूस जेथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी दोन चांदण्यांच्या मध्ये चार-पाच बोटे लांबीचा एकेक तुकडा उभा करून बांधावा. त्याने तारा मध्यभागी फुगतो. मग कणकेच्या खळीने पतंगाचा कागद चिकटवावा आणि मागची एक बाजू दिव्यासाठी उघडी ठेवावी. आत पणती किंवा मेणबत्ती कदापि ठेवू नये. तापत नाही असा विजेचा लहान दिवा पुरे. जुन्या कंदिलाच्या कामट्या सोडवून घेतल्या तरी चालतात, फक्त त्या सारख्या कापून घ्याव्यात.

ताऱ्याखाली गोठा हवाच. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेचो गावी खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडून हा देखावा उभा केला. गोकुळाष्टमीस मातीचे गोकुळ मांडणाऱ्या आपल्या घरांना गाई-वासरे आणि बाळ यांत परके काय वाटावे? लोहगड-विसापूरच्या छायेत वाढलेली मुले दिवाळीत किल्ला करतात, आणि पाऊस पडला की तो वाहून जातो. त्याच मातीत थोडे पाणी घालून गोठ्याच्या भिंती होतात. छपराला भाताचा पेंढा. गव्हाणीतही पेंढाच. त्यातल्या जाड, सरळ काड्या निवडून कोमट पाण्यात भिजवाव्यात आणि चार-चार काड्या मध्यावर दोऱ्याने आवळाव्यात. त्यांच्या लहान चांदण्या होतात. युरोपातही गवताच्या काड्यांच्या अशा चांदण्या झाडाला टांगतात. त्यांना त्या गव्हाणीची आठवण मानतात.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे नवे नाही. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले, ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंग हाताशी घेतला. शब्दांना जे साधले, ते माती-पेंढ्याला साधू नये असे नाही.

एक गोष्ट आमच्या वाचकांना थोडी बोचेल. थर्माकोलच्या सजावटीवर शासनाने २०१८ साली बंदी घातली, ती मुख्यतः नाताळामुळे नव्हे. आपल्या मखरांनीच ती वेळ आणली. तेव्हा शेजारच्या मुलाला प्लॅस्टिकच्या ताऱ्यावरून बोल लावण्याचा अधिकार आपणांस फारसा नाही. त्याला कामट्या तासून देण्याचा मात्र आहे.

गोठ्यापुढे हिरवळ हवी असेल, तर किल्ल्यावर पेरतो तसे आळीव किंवा मोहरी पेरावी. ती १४-१५ डिसेंबरलाच पेरलेली बरी. थंडीत अंकुर उशिरा फुटतो, आणि पाणी शिंपडण्याचे काम लहान मुलांकडे दिले, तर माती वाहून न जाईल एवढे पाहावे.