विहीर एक, चुली दोन

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो: माझ्या फायली राहणार कुठे? फोटो विंडोजमध्ये, गाणी लिनक्समध्ये, रिझ्युमेची एक प्रत इकडे आणि एक तिकडे. त्यातली ताजी कुठली, देव जाणे! यावर माझं एक ठाम मत आहे. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडं राहायची तेव्हा विहीर एक असायची आणि चुली दोन. कॉम्प्युटरवरही तसंच करावं. कागदपत्रं, फोटो, गाणी सामाईक. होम फोल्डर मात्र ज्याचं त्याचं.

विषय जुनाट वाटेल, पण तसा तो नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र धडधाकट, पण टीपीएम २.० नाही किंवा प्रोसेसर यादीत बसत नाही, म्हणून विंडोज ११ ला अधिकृत मान्यता नाही, असे कॉम्प्युटर कितीतरी आहेत. त्यावर शेजारी लिनक्स टाकून बघणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. फक्त त्या डिस्कवर दहा वर्षांचे फोटो आणि हिशेब असतात, हे विसरून चालत नाही. आणि लिनक्सचा इन्स्टॉलर 'विंडोजच्या शेजारी बसवू का?' असं विचारतो खरा, पण सामाईक जागा काढून देत नाही. ती आपणच काढायची.

आता ही विहीर बांधायची कशाची? फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल राहत नाही, म्हणजे लग्नाचा व्हिडिओ बाहेरच. एक्सफॅटची अडचण वेगळी. दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नलिंग नाही, आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर घोळ व्हायची शक्यता जास्त. पेनड्राइव्हला ठीक, आयुष्यभराच्या फोटोंना नको. लिनक्सचं एक्स्ट४ उत्तम, पण विंडोजला ते आपणहून वाचता येत नाही. डब्ल्यूएसएल २ ची एक वाट आहे, पण ज्या डिस्कवरून विंडोज चालू झालंय तिला ती चालत नाही. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच डिस्क, म्हणजे प्रश्न मिटला. राहिलं एनटीएफएस. त्यावर लिहिणारा एनटीएफएस-३जी ड्रायव्हर २००७ साली स्थिर झाला आणि २०२१ च्या ५.१५ कर्नलपासून एक ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. तेव्हा विंडोज आहे तोवर सामाईक पार्टिशन एनटीएफएसचं, तेही विंडोजच्या सी ड्राइव्हपासून वेगळं.

खरा धोका पुढे आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असली की 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही. स्वतःचा गाभा झोपवून डिस्कवर लिहून ठेवतं. डिस्कवर कुठे काय आहे, याची त्याच्या डोक्यातली यादीही तशीच गोठते. मधल्या काळात लिनक्सने त्याच पार्टिशनवर काही लिहिलं, तर जागं झालेलं विंडोज जुनीच यादी खरी मानून काम सुरू करतं. मग फायली गायब होतात, नाहीतर खराब. म्हणूनच लिनक्सला अशी खूण दिसली की ते बहुधा 'फक्त वाचा, लिहू नका' म्हणून अडून बसतं. लोक चिडतात आणि जबरदस्तीने लिहायची युक्ती शोधतात. अहो, तो तुमच्याच भल्यासाठी अडलाय! गंमत म्हणजे 'रीस्टार्ट' केलं की विंडोज खरोखर बंद होऊन चालू होतं, 'शट डाउन'ने मात्र नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय सरळ बंद करा. एसएसडी असेल तर वाचणारे सेकंद तसेही थोडेच. चार सेकंदांसाठी दहा वर्षांचे फोटो पणाला लावायचे, हा कुठला हिशेब?

आता चुलीचं. 'मग सगळं होम फोल्डरच सामाईक करू की!' हा विचार सुचतोच. करू नका. होममध्ये कागदपत्रांबरोबर प्रोग्रामांची सेटिंग्ज लपलेली असतात. एनटीएफएस नेहमीच्या पद्धतीने माउंट केलं की लिनक्सला बहुधा प्रत्येक फाइल सगळ्यांना खुली दिसते. अशी खुली खासगी किल्ली वापरायला एसएसएच साफ नकार देतं. फायरफॉक्सचं प्रोफाइल एकीकडच्या नव्या आवृत्तीने उघडलं, की २०१९ पासून दुसरीकडची जुनी आवृत्ती ते घ्यायला तयार होत नाही. कोडचंही तेच: पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट एका घरचं दुसऱ्या घरी चालत नाही. गिटचा क्लोन दोन्हीकडे वेगळा ठेवा.

सामाईक करायची ती फक्त माणसाने बनवलेली चीज. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरेंच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' बदलता येतं; लिनक्समध्ये त्याच नावांच्या सिमलिंक सामाईक पार्टिशनकडे वळवायच्या. झालं.

मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांसाठी एक खास सूचना. एनटीएफएस नावात २५५ युनिकोड एकके मोजतं, एक्स्ट४ २५५ बाइट्स. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्सचं, आणि काना, मात्रा, हलन्त हेही वेगळे मोजले जातात. म्हणजे तिकडे फार तर ८५ चिन्हं. संपूर्ण लग्नपत्रिका फाइलच्या नावात लिहायची सवय असेल तर ती आवरा. शिवाय नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह नको. लिनक्स चालवून घेतं, विंडोज नाही.

शेवटचं, पण कमी महत्त्वाचं नाही. एनटीएफएस बिघडलं तर त्याचा खरा वैद्य, म्हणजे चेकडिस्क, विंडोजच्या घरी राहतो. म्हणून ज्या दिवशी विंडोजला निरोप द्याल, त्याच दिवशी फायलीही एक्स्ट४ वर हलवा. आणि दोन बिऱ्हाडं म्हणजे दोन प्रती नव्हेत बरं का! डिस्क एकच आहे, ती गेली की दोन्ही घरं उपाशी. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच, आणि तीसुद्धा पार्टिशनला हात लावायच्या आधी.

असो. रविवार मोकळा असेल तर फास्ट स्टार्टअप तेवढं आजच बंद करा, बाकीचं सावकाश.