जुलाबात बाळाचे पाणी तोडू नका

बाळाला जुलाब लागले की वस्तीत आजही म्हणतात, “पाणी तोडा, दृष्ट काढा.” थोरल्याच्या वेळी आम्हीही तेच केले, संध्याकाळपर्यंत लेकराचे डोळे खोल गेले. अंगातले पाणी आणि क्षार जातात, धोका त्याचाच.

म्हणून अंगावरचे दूध चालूच ठेवा. ओआरएसची एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात कालवा, चमच्याचमच्याने पाजा. २४ तासांनी उरलेले फेका. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने झिंक १४ दिवस द्या. लघवी थांबली, शौचात रक्त दिसले, बाळ मलूल झाले, तर तडक दवाखाना गाठा.

बाबासाहेब-रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली. ते दुःख कुणा माउलीला नको. अंगारा सोडा, विवेक धरा.