झेनिथ म्हणजे ॲपेक्स नव्हे!

मंडळी, स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत समानार्थी शब्दांच्या याद्या असतात. 'झेनिथ' आणि 'ॲपेक्स' शेजारी-शेजारी, पुढे अर्थ एकच : सर्वोच्च बिंदू. पाठ करा, एक गुण घ्या, विसरून जा. माझं भांडण आहे ते या यादीशी. दोन शब्द एकाच दावणीला बांधले, की दोघांचाही अर्थ मरतो.

मुळात दोघांचे जन्मच वेगळे. 'ॲपेक्स' लॅटिन. रोममधल्या काही पुरोहितांच्या टोपीच्या टोकाला एक काडी असे, तिचं हे नाव. 'झेनिथ' आला अरबीतल्या 'सम्त अर्-रास'वरून, म्हणजे 'डोक्याची दिशा'. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, खस्वस्तिक. एक टोपीच्या टोकाचा, दुसरा टोपीच्याही वरच्या आभाळातला!

ॲपेक्सला पाया लागतो. पायाच नसेल तर त्रिकोणाला शिखर कुठून येणार? म्हणून सर्वोच्च न्यायालय हे 'ॲपेक्स कोर्ट'. खाली उच्च न्यायालयं, त्याखाली जिल्हा न्यायालयं. राज्य सहकारी बँक ही 'ॲपेक्स बँक'. खाली जिल्हा बँका, त्याखाली गावोगावच्या सोसायट्या. तिथे 'झेनिथ बँक' म्हणून बघा, काय अर्थ उरतो ते!

झेनिथ कुणाच्या खांद्यावर उभा नसतो. तुम्ही उभे असाल तिथून थेट वर. पुण्याचा वेगळा, दिल्लीचा वेगळा. पुण्यात सूर्य वर्षातून दोनदाच तिथे येतो, मे आणि जुलैत. त्या दुपारी सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे तो कधीच डोक्यावर येत नाही. आणि आला तरी मुक्काम करत नाही, लगेच कलायला लागतो.

कुणी म्हणेल, "सर, लाक्षणिक अर्थाने दोन्ही एकच की!" बरं, मग आपलाच इतिहास घेऊ. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. राज्याच्या रचनेत ॲपेक्सला होते साताऱ्याचे छत्रपती; पण झेनिथला पोचला होता तो नानासाहेब पेशव्यांच्या सत्तेचा सूर्य. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं आणि सूर्य कलला. छत्रपतींचं स्थान मात्र रचनेत होतं तिथेच राहिलं. आता या दोन शब्दांची अदलाबदल करा. इतिहासच खोटा होतो ना?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. यादी पाठ करून मोठ्या हुद्द्यावर गेलेला मुलगा पुढे पद आणि कर्तृत्व यांनाही समानार्थीच समजू लागतो. खुर्ची ॲपेक्सची मिळाली म्हणजे आपण झेनिथला पोचलो, असं त्याला वाटतं. आणि ज्याला तशी खुर्ची कधी मिळालीच नाही, त्याच्या ऐन माध्यान्हाकडे कुणाचं लक्षही जात नाही.

असो. पटलं नसेल तर जरूर भांडा. फक्त गाइड बाजूला ठेवून या!